दीपनगरचा कोळसा कधी थांबणार, ते आत्ताच ठरवा आणि आम्हाला सांगा

प्रति,
मा. ऊर्जामंत्री, सरकारी वीज कंपन्यांचे संचालक, आणि जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांचे सगळे आमदार-खासदार

सप्रेम नमस्कार.

मी यावल तालुक्यातला केळी उत्पादक. पत्र लांबणार आहे, पण कृपया शेवटपर्यंत वाचा, कारण आमच्याकडे या विषयावर जाहीर बोलायला कुणी तयार नाही. निवडणुकीत नाही, जिल्हा नियोजनच्या बैठकीत नाही, कुठेच नाही.

विषय एकच आहे. कोळसा, डिझेल, पेट्रोल हे जाळणं थांबवायचं, हे तर सगळ्या जगाने मान्य करून झालंय. 2021 ला ग्लासगोच्या हवामान परिषदेत आपल्या पंतप्रधानांनी 2070 पर्यंत नेट झिरो करू, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढाच परत शोषला जाईल, असं सांगितलं, डिसेंबर 2023 ला दुबईच्या परिषदेत जवळजवळ दोनशे देशांनी जीवाश्म इंधनापासून दूर जायचं असं लिहून दिलं आणि त्यात भारत पण होता. म्हणजे थांबायचं की नाही यावर वाद राहिलेला नाही. राहिलंय ते कधी आणि कसं. आणि हे 'कधी' नुसतं दिल्ली-दुबईत बोलून भागत नाही, ते भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्राच्या एकेका संचापुढे, म्हणजे वीज तयार करणाऱ्या एकेका यंत्रापुढे, लिहावं लागतं की हा अमुक साली बंद होणार. तसं लिहिलेला एक कागद आम्हाला हवाय. तोही आत्ता, कारण वीस वर्षांनी तो कागद कुणाच्याच कामाचा नसेल.

आधी उन्हाचं सांगतो. भुसावळ-जळगावचं ऊन महाराष्ट्राला माहित आहे, टीव्हीवर दरवर्षी आकडा येतो, 45, 46, आणि लोक म्हणतात खान्देशात हे नेहमीचंच. नेहमीचं आहे, खरंय. पण आमच्या बागेत येऊन बघा मे महिन्यात. मृगबागेत तेव्हा घड लागलेले असतात, पोसायचे दिवस असतात, आणि चाळिशीच्या वर पारा आठवडा-आठवडा राहिला की पानं कडेने करपायला लागतात, मग मधून फाटतात, घडाचा दांडा वाळतो आणि घड सटकतो, म्हणजे अख्खा घड खाली. जो टिकतो त्याच्या पश्चिमेच्या बाजूच्या फण्या उन्हाने काळ्या पडतात, व्यापारी येतो, हात लावून बघतो आणि तो माल वापसीत टाकतो. आम्ही काही हातावर हात धरून बसलेलो नाही हो, बांधावर शेवरी लावतो, गजराज गवत लावतो, हिरवी नेट बांधतो, घडाला स्कर्टिंग बॅग घालतो, ड्रीप तर आहेच. पण या सगळ्याला पाणी लागतं आणि पाण्याला लाईट लागते, आणि थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते. दुपारी झाड पाणी मागतं तेव्हा मोटार बंद, आणि रात्री दोनला बॅटरी घेऊन सापाबिबट्याच्या भीतीत पाणी भरायला जायचं. मग मे संपता संपता वावधन येतं आणि उभी बाग आडवी करून जातं. वर्षभराचा खर्च वीस मिनिटांत जमिनीवर.

हे सगळं कोळशामुळेच झालं असं मी म्हणत नाही. खान्देशात ऊन आमच्या आज्या-पणज्यापासून आहे. पण त्याच्यात जी भर पडतेय ती कशाने पडतेय हे आता शाळेतली पोरं पण सांगतात. कारखाने सुरू व्हायच्या आधीच्या काळात हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे 280 च्या आसपास भाग होते, मे 2025 ला हवाईच्या मौना लोआ वेधशाळेत महिन्याची सरासरी 430 च्या वर गेली. 2024 हे पहिलं कॅलेंडर वर्ष, ज्यात जगाचं सरासरी तापमान त्या जुन्या काळापेक्षा दीड अंशाच्या वर राहिलं. दीड अंश ऐकायला काहीच वाटत नाही. पण ती सरासरी आहे, त्यात समुद्र पण आला आणि थंडी पण आली, आणि ज्या जागी आधीच 44 असतं तिथे थोडीशी भर पण झाडाच्या आणि माणसाच्या सहन करण्याच्या पलीकडे जाते.

आता घाई का, ते. धूळ पहिल्या पावसात बसते, धुराचा वास दोन दिवसांत जातो, पण कार्बन डायऑक्साइड तसा जात नाही, त्यातला मोठा हिस्सा शेकडो वर्षं वर राहतो. म्हणजे आज जाळलेला कोळसा माझ्या नातवाच्या नातवाला पण तापवणार. आणि तो साठत जातो, म्हणून शेवटी किती जाळलं याचा हिशोब लागतो, कुठल्या साली नेट झिरो जाहीर केलं याने फरक पडत नाही. 2070 ला शून्य करायचं आणि 2065 पर्यंत भरपूर जाळत राहायचं, याला काही अर्थ नाही. शास्त्रज्ञांनी 2025 च्या सुरुवातीला हिशोब मांडला होता, दीड अंशाच्या आत राहायची निम्मी तरी शक्यता ठेवायची तर सगळ्या जगाला मिळून साधारण 130 अब्ज टन कार्बन डायऑक्साइड एवढाच सोडायची मुभा उरलीय, आणि जग वर्षाला 40 अब्ज टनाच्या वर सोडतंय. भागाकार करा. तीनेक वर्षं. दीड अंश हातचा गेल्यातच जमा आहे असं मला वाटतं, पण म्हणून सोडून द्यायचं नसतं, कारण 1.6 आणि 2 मध्ये फरक आहे आणि 2 आणि 2.5 मध्ये तर खूप मोठा आहे, आणि त्यातलं प्रत्येक पॉइंट आमच्या बागेतून जातं.

इथे लगेच सांगितलं जातं की अमेरिकेने केलं, युरोपने केलं, आपण का भोगायचं. बरोबर आहे. अमेरिकेचा एक माणूस वर्षाला साधारण 14 टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, आपला एक माणूस दोनच्या आसपास. आणि त्या दोनमध्ये पण मुंबईच्या टॉवरातला एसीवाला आणि धडगावच्या पाड्यावरचा पावरा आदिवासी यांची बरोबरी होत नाही, ज्याच्या घरी लाईटच इतक्या उशिरा पोचली त्याच्या नावावर काय टाकणार तुम्ही. श्रीमंत देशांनी आधी थांबावं, जास्त थांबावं, आणि आम्हाला थांबायला पैसे द्यावेत, हे भारताने प्रत्येक परिषदेत ठासून सांगावं, मी तुमच्या पाठीशी आहे. पण त्याने दीपनगरचा प्रश्न सुटत नाही. ऊन काय आधी पासपोर्ट बघून पडत नाही. आणि मला जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची आहे, ती संचाच्या आयुष्याची.

बघा, दीपनगरला 210 मेगावॅटचे जुने संच 1979 आणि 1982 सालचे. त्यांचं ठरलेलं आयुष्य कधीच संपलं. मग 500-500 चे दोन, ते 2012 नंतर आले. आणि आता 660 चा नवीन उभा केलाय. कोळशाचा संच उभा करताना वीज खरेदीचा करार साधारण 25 वर्षांचा धरतात, आणि नीट ठेवला तर तो 40 वर्षं पण चालतो, आपल्याकडे चालवलेत. आता जोडा. 500 चे संच 25 वर्षं धरली तर 2037-39 पर्यंत, आणि 660 चा 25 धरली तर 2050, 40 धरली तर 2065. म्हणजे 2065 ला कोळसा जाळायचा की नाही हे आपण ठरवून मोकळे झालोय, फक्त तसं कुणाला सांगितलं नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने 2021 च्या अहवालात सांगितलं होतं की 2050 ला जगाला नेट झिरो गाठायचं असेल तर निघणारा कार्बन डायऑक्साइड पकडून न ठेवणारी कोळसा केंद्रं जगभरात 2040 पर्यंत बंद व्हायला पाहिजेत. आपल्याला सवलत धरा, पाच वर्षं धरा, दहा वर्षं धरा. तरी 2065 कुठे बसत नाही. उशीर होतो तो असा होतो, कुणी नाही म्हणत नाही, फक्त एक एक संच वाढत जातो आणि त्याच्याबरोबर चाळीस चाळीस वर्षं बांधली जातात. केंद्र सरकारने पण 2032 पर्यंत आणखी 80 गिगावॅट, म्हणजे 80 हजार मेगावॅट, कोळशाची वीज धरलीय, आणि 2023 च्या सुरुवातीला जुने संच 2030 पर्यंत बंद करू नका असं केंद्रीय वीज प्राधिकरणाने सांगितलं होतं. मागणी वाढतेय म्हणून. मे 2024 च्या अखेरीला देशाची मागणी 250 गिगावॅटपर्यंत गेली, ती कशाने गेली, तर उन्हाने, कूलर-एसीने. ऊन वाढलं म्हणून जास्त कोळसा आणि जास्त कोळसा म्हणून जास्त ऊन. हे कुठेतरी तोडावं लागेल ना.

एका घराचा हिशोब सांगतो, कारण टन आणि गिगावॅट कुणाच्या डोक्यात बसत नाहीत. आपल्याकडे एक युनिट वीज कोळशापासून करायला साधारण 600-700 ग्रॅम कोळसा लागतो. ज्या घराचं महिन्याचं बिल 100 युनिटचं, त्याच्यामागे साठ-सत्तर किलो कोळसा, म्हणजे सिमेंटच्या गोणीपेक्षा जास्त. आपल्या कोळशात राख फार असते, 30 ते 40 टक्के, म्हणून वीस-पंचवीस किलो राख मागे राहते. नव्वद-शंभर किलो कार्बन डायऑक्साइड वर जातो. आणि पाणी, नियमाप्रमाणे जुन्या केंद्राला एका युनिटमागे साडेतीन लिटरपर्यंत वापरायची परवानगी आहे, म्हणजे शंभर युनिटला साडेतीनशे लिटर. हे सगळं एका घराचं, एका महिन्याचं. 1000 मेगावॅट पूर्ण ताकदीने दिवसभर चालले तर त्या हिशोबाने दिवसाला आठ कोटी लिटरच्या वर पाणी. दीपनगरचं पाणी तापीचं आहे, हतनूरचं आहे. त्याच हतनूरवर शेती आहे, त्यावरच गावांचं पिणं आहे आणि धरणात गाळ किती साचलाय ते तुम्हाला मी सांगायला नको. सोलरला पाणी लागतं ते पॅनल धुवायला.

आता तुम्ही म्हणाल की तारीख दिली तरी काय, तारखा तर देतोच. हो, देता, आणि तिथेच आमचा विश्वास उडालाय. राखेचा शंभर टक्के वापर करायचा ही अधिसूचना पहिल्यांदा 1999 ला निघाली. मुदती बदलत बदलत ती 2021 ला परत नवीन काढावी लागली. गंधकाचा धूर अडवायची यंत्रणा बसवा असा नियम डिसेंबर 2015 ला आला, दोन वर्षांत बसवायची होती, मग मुदत वाढली, परत वाढली, परत वाढली, आणि जुलै 2025 मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच देऊन टाकली. दहा वर्षं वाट बघायला लावून सूट. म्हणून मी जो कागद मागतोय तो परिपत्रकासारखा नको, विधानसभेत कायदा करून हवाय, वर्षावर्षाचे टप्पे घालून, आणि टप्पा चुकला तर का चुकला याचं उत्तर सभागृहात द्यावं लागेल अशी तरतूद करून.

दुसऱ्यांनी हे केलंय. इंग्लंडने जगातलं पहिलं सार्वजनिक कोळसा वीज केंद्र 1882 ला लंडनमध्ये सुरू केलं, 2015 ला सरकारने जाहीर केलं की 2025 पर्यंत कोळशाची वीज बंद, आणि 30 सप्टेंबर 2024 ला शेवटचं केंद्र बंद झालं, म्हणजे सांगितल्या मुदतीच्या आधी. सगळ्यांना नऊ-दहा वर्षं आधी माहित होतं म्हणून जमलं. जर्मनीने 2038 ची शेवटची मर्यादा कायद्यात घातली आणि कोळशाच्या जिल्ह्यांसाठी 40 अब्ज युरो बाजूला काढले. स्पेनने 2018 ला खाणी बंद करताना आधी युनियनशी करार केला, लवकर पेन्शन, नवीन ट्रेनिंग, सगळं कागदावर, आणि मग कुलूप लावलं. ते श्रीमंत आहेत, मान्य, पण झारखंड काही श्रीमंत नाही, त्यांनी 2022 ला कोळशानंतरच्या दिवसांसाठी कार्यदल नेमलं. आपण महाराष्ट्र आहोत. विदर्भात कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, मराठवाड्यात परळी, नाशिकला एकलहरे, इकडे दीपनगर, एवढी केंद्रं असून आपल्याला तसं कार्यदल नेमायला काय अडतं?

आणि भुसावळला तर हे नवीन पण नाही. वाफेच्या इंजिनांचं केवढं मोठं शेड होतं भुसावळला, म्हातारी माणसं अजून सांगतात, कोळसा टाकणारे फायरमन, राख काढणारे, बॉयलरवाले, अख्खे मोहल्ले त्यावर उभे होते. इंजिनं गेली. पण रेल्वे तिथेच राहिली, इलेक्ट्रिक लोको शेड आलं, जुन्या फायरमनची पोरं असिस्टंट लोको पायलट झाली, फिटर इलेक्ट्रिक कामाला लागले. का जमलं? कारण मालक एकच होता, माणसं त्याच्या हजेरीपटावर होती, आणि बदल वर्षानुवर्षं चालला, एका रात्रीत आला नाही. दीपनगरला यातल्या दोन गोष्टी आपल्या हातात आहेत, वेळ आणि सरकारी मालकी. तिसरीचं, हजेरीपटाचं, काय ते सांगतो.

माझा मेहुणा एका औष्णिक केंद्रात कोळशाच्या विभागात आहे, कुठल्या ते लिहित नाही. ठेकेदाराकडे. वॅगन टिपलर म्हणून मशीन असतं, कोळशाने भरलेला अख्खा डबा धरून उलटा करतं, धुराळा उठतो, खालून बेल्ट सुरू होतो आणि त्या बेल्टच्या बाजूने सांडलेला कोळसा फावड्याने उचलून परत टाकायचा, आठ तास. घरी आला की नाकात रुमाल घालून काळं काढतो आणि मगच पोरीला उचलतो. त्याला मी विचारलं, केंद्र बंद झालं पाहिजे असं पत्र लिहितोय, तुला काय वाटतं? तो म्हणे, "लिही बॉ, पण मले बी त्याच्यात लिही." म्हणून लिहितोय. परमनंट माणसाची दुसऱ्या केंद्रात बदली होते, त्याला पीएफ आहे, ग्रॅच्युइटी आहे, युनियन आहे. ठेकेदारी माणसाचं काय? ठेका संपला की त्याचं नाव पण कुठे नसतं. राखेच्या बल्करचे ड्रायव्हर, विटांच्या भट्टीवाले, गेटसमोरचा चहा-पोहेवाला, वसाहतीतली धुणीभांडी करणारी बाई, कॉलनीच्या शाळेची रिक्षा, यांची यादी कुणाकडे आहे का? माझी खात्री आहे की नाहीये. आणि ज्याची यादी नाही त्याला बंद होण्याच्या दिवशी काहीच मिळत नाही.

आमच्या भागाला हे दोनदा शिकवून झालंय. सरदार सरोवरात नंदुरबार जिल्ह्यातली 33 गावं बाधित झाली, पुनर्वसन आधी आणि पाणी नंतर असं ठरलं होतं, आणि किती कुटुंबांनी पाणी दारात आल्यावर घरं सोडली ते नर्मदाकाठच्या लोकांना विचारा. दुसरं विखरणचं. शिंदखेडा तालुक्यातल्या त्या जमिनी आधी औष्णिक प्रकल्पासाठी म्हणून घेतल्या, नंतर तिथे सोलर करायचं ठरलं, आणि मोबदल्यासाठी चकरा मारून मारून थकलेल्या 84 वर्षांच्या धर्मा पाटलांनी जानेवारी 2018 मध्ये मंत्रालयात विष घेतलं. 28 जानेवारीला ते गेले. मी सोलरच्या बाजूचा माणूस आहे आणि म्हणूनच हे परत परत सांगणार. कोळसा असो की सोलर, जमीन घेताना शेतकऱ्याशी वागणूक तीच राहिली तर लोक म्हणणार, तुमची हवा स्वच्छ करायला आम्हालाच का बळी देता. आणि ते चूक नसणार.

आता जे होऊ शकतं त्याबद्दल. धुळ्याच्या साक्री तालुक्यात शिवाजीनगरला, दीपनगर चालवणाऱ्या महानिर्मिती कंपनीचाच 125 मेगावॅटचा सोलर प्रकल्प 2013 पासून उभा आहे. ब्राह्मणवेल, छडवेल, निजामपूर, त्या पट्ट्यात पवनचक्क्या किती वर्षांपासून फिरताहेत. तिकडच्या पठारावर जूनपासून वारा असा सुटतो की उभं राहवत नाही, आणि नेमकं तेव्हाच ढगामुळे सोलर कमी पडतं. म्हणजे एकाच जिल्ह्यात उन्हाळ्याचं ऊन आणि पावसाळ्याचा वारा, दोन्ही एकमेकांची जागा भरून काढणारे, असं भाग्य फार कमी जिल्ह्यांना आहे. सोलरच्या विजेच्या बोली गेली काही वर्षं अडीच रुपयांच्या आसपास आहेत, नवीन कोळसा प्रकल्पाची वीज पाच रुपयांच्या वर जाते. संध्याकाळचं काय, हा प्रश्न खरा आहे, सात वाजता सूर्य नसतो आणि टीव्ही, पंखे, कूलर सगळे सुरू असतात. त्याला साठवण लागते. बॅटरीचा खर्च 2010 पासून जवळजवळ नव्वद टक्क्यांनी उतरलाय, आणि दिवसा पाणी वर चढवून रात्री खाली सोडून वीज करायचे प्रकल्प तर तुम्ही स्वतःच करार करून बसलाय. जुलै-ऑगस्टच्या ढगाळ, बिनवाऱ्याच्या रात्रीला काही वर्षं कोळसा लागेल, मी नाही म्हणत नाही. पण लागेल त्या रात्री जाळणं वेगळं आणि भर दुपारी, ऊन आग ओकत असताना जाळणं वेगळं. देशात बसवलेल्या क्षमतेपैकी निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म झाली, 2030 चं ठरवलं होतं ते 2025 मध्येच गाठलं, याचा मला पण अभिमान आहे. फक्त क्षमता निम्मी झाली तरी प्रत्यक्ष वीज अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास कोळशाचीच आहे, हे पण त्याच भाषणात सांगत जा.

आणि सोलरचा सगळ्यात पहिला मान शेतीचा असला पाहिजे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना चांगली आहे, मनापासून सांगतो. गावाजवळच्या सबस्टेशनला सोलर जोडायचं आणि शेतकऱ्याला दिवसा थ्री फेज द्यायची. आमच्या यावल-रावेर-चोपड्याच्या प्रत्येक फीडरला ती मिळू द्या, मग बघा लोक सोलरबद्दल काय बोलतात. रात्रीचं पाणी भरणं बंद झालं तर बायका तुमच्या नावाने दिवा लावतील. शेतकऱ्याला तापमानवाढीचं भाषण नको असतं, दुपारी मोटार चालू पाहिजे असते, आणि इथे दोन्ही एकाच तारेतून येतात.

पेट्रोल-डिझेलचं थोडक्यात. कच्चं तेल आपण 85 टक्क्यांच्या वर बाहेरून आणतो, तिकडे लढाई झाली की इकडे नांगरटीचा रेट वाढतो. एसटीच्या इलेक्ट्रिक गाड्या जळगाव-भुसावळ, धुळे-नंदुरबार अशा रोजच्या फेऱ्यांवर आधी आणा, तिथे अंतर कमी आणि गर्दी पक्की. ट्रॅक्टरला अजून वेळ आहे, त्यात उगाच घाई करून शेतकऱ्याच्या बोकांडी खर्च टाकू नका.

तर मागणी अशी आहे. 660 चा संच हा दीपनगरचा शेवटचा कोळशाचा संच, असं जाहीर करा, यानंतर एक मेगावॅट पण नाही. 210 च्या जुन्या संचांपैकी जो अजून चालू असेल त्याला आता मुदतवाढ किंवा डागडुजीच्या नावाने नवं आयुष्य देऊ नका. 500 चे दोन त्यांची 25 वर्षं झाली की बंद, म्हणजे 2030 च्या दशकाच्या अखेरीला, त्याच्या पुढे एक वर्ष नाही. 660 चा 2045 पर्यंत, आणि त्याच्या आधीची दहा वर्षं तो फक्त संध्याकाळ-रात्रीच्या गरजेला. याहून लवकर जमत असेल तर आनंदच आहे, याहून उशीर का लागतो ते आकड्यानिशी सांगा. प्रत्येक संच बंद व्हायच्या किमान सात-आठ वर्षं आधी तिथल्या एकूण एक माणसाची नोंद व्हावी, ठेकेदारी धरून, गेटबाहेरचे धरून, आणि ती यादी ग्रामपंचायतीत लावा. भुसावळच्या आयटीआयला सोलर, पवनचक्की, बॅटरी, सबस्टेशन या कामांचे वर्ग या वर्षीच सुरू करा, संच बंद व्हायची वाट बघू नका, आणि तिथे पहिल्या जागा या कामगारांच्या पोरापोरींना. केंद्राची जागा, रेल्वे सायडिंग, 400 केव्हीच्या लाईनी हे सगळं तयार आहे, साठवणीची मोठी बॅटरी बसवायला याहून चांगली जागा कुठली? राखेचे तलाव झाकून, माती टाकून, मगच जागा सोडायची, आणि त्याचे पैसे आजपासून प्रत्येक युनिटमागे काही पैसे बाजूला काढून जमवायचे, नंतर कुणी देत नाही. हतनूरचं जेवढं पाणी वाचेल तेवढं शेती आणि पिण्याच्या नावावर आजच कागदोपत्री लिहा. धुळे-नंदुरबारला सोलर-पवनासाठी जमीन विकत न घेता भाड्याने घ्या, भाडं दरवर्षी वाढणारं, सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर, आणि आदिवासी भागात ग्रामसभेची सही असल्याशिवाय एक खांब पण रोवायचा नाही.

आमदार-खासदारांना वेगळं सांगतो. तुम्हाला वाटतं की कोळसा बंद म्हटलं की मतं जातील, कामगार नाराज होतील. कामगाराला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. त्याला माहितीये हे कधीतरी बंद होणार, जुने संच त्याच्या डोळ्यासमोर बंद झालेत. त्याला भीती कशाची आहे, तर एक दिवस गेटवर नोटीस लागेल आणि आपल्याला कुणी आधी सांगितलेलं नसेल, याची. पोरीचं कॉलेज, घराचं कर्ज, गाडीचे हप्ते, तो हे सगळं या नोकरीवर ठरवतोय. पंधरा वर्षं आधी खरं सांगणाऱ्या पुढाऱ्याला तो मत देईल असं मला वाटतं, निदान शिव्या तरी देणार नाही.

पुढच्या अर्थसंकल्पाच्या आधी भुसावळ, साक्री आणि धडगाव या तीन ठिकाणी जाहीर सुनावणी ठेवा. अहिराणीत, लेवा बोलीत, पावरीत लोक बोलतील, ते लिहून घेणारी माणसं सोबत आणा. सुनावणी उन्हाळ्यात ठेवा आणि दुपारी ठेवा, म्हणजे लोक कुठल्या हवेत राहतात ते कळेल. आमच्याकडून केळीवाले येतील, केंद्रातले कामगार येतील, मेहुण्याला पण घेऊन येतो, त्याची त्या दिवशीची हजेरी कापली जाणार नाही एवढं फक्त आधी लेखी द्या.

उत्तर वैयक्तिक नको, जाहीर द्या.

कळावे,
आपला,
यावल तालुक्यातला एक केळी उत्पादक